सत्तावीस कुंड्यांची पंगत

मन्मथअप्पांच्या दारी गेलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी कोथिंबिरीची काडी मिळते. दार उघडताच अप्पा ती पुढे करतात आणि कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्या आक्रसून, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा स्वरात विचारतात, "ह्याला तुमच्यात काय म्हणतेत?"

टपालवाल्याला त्यांनी हे विचारले आहे. विजेचे मीटर पाहायला आलेल्या माणसाला विचारले आहे. वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या सात कार्यकर्त्यांना एका ओळीत उभे करून विचारले आहे. त्या गडबडीत ते वर्गणी मागायचेच विसरले. लातूरची आमची गल्ली शिकवणी वर्गांच्या जवळ. डॉक्टर होण्याच्या ओढीने आलेली परगावची मुले-मुली येथे खोल्या करून राहतात. त्या बिचाऱ्यांना भौतिकशास्त्रातील अवघड प्रश्न सुटतात, पण अप्पांच्या प्रश्नापुढे ती गांगरतात. एका मुलीने भीतभीत "कोथिंबीर" असे सांगितले, तर अप्पा म्हणाले, "ते पुस्तकातलं झालं, पोरी. चुलीपाशी उभी ऱ्हाऊन तुझी आई काय म्हणती?" मुलीने तेथूनच आईला फोन लावला. आईला वाटले, लेकीला अभ्यासाचा ताण सहन होईना.

मी अप्पांचा शेजारी. शाळेत तीन तपांहून अधिक काळ संस्कृत शिकवले, म्हणून गल्ली मला गुरुजी म्हणते. शब्द ही माझ्या लेखी पूजेची उपकरणी आहेत: घासूनपुसून, जागच्या जागी ठेवावीत, एका देवाला एक ताम्हण पुरे. अप्पांच्या लेखी मात्र एका काडीला सत्तावीस नावे लागतात. हे कशासाठी, याचा उलगडा मला पुष्कळ वर्षे झाला नाही. खरे सांगायचे तर मी शेजारधर्म म्हणून मान डोलवत असे आणि घरी येऊन गोंधळत असे.

अप्पांचा जन्म गेला तो गंजगोलाईतल्या किराणा दुकानात. मूठभर धने तळहातावर घेऊन, नुसता वास घेऊन, ते कुठल्या बाजूचे आहेत हे सांगणारा माणूस. आता दुकान मुलाकडे आहे. सकाळी स्नान, लिंगपूजा, आणि मग दिवसभर कोथिंबीर, असा अप्पांचा नित्यक्रम. भाजीवाली मावशी सगळ्यांनाच भाजीवर चार काड्या वरून टाकते. अप्पा त्या परत करतात.

"मावशी, ही का खैरात हाय? नाव घेऊन द्या, मी नाव घेऊन घेतो."

"अप्पा, घ्या की गुमान! बाकीची गिऱ्हाइकं वरून मागून मागून माझा जीव खातेत, अन् तुमी वापस करताव. कसं व्हावं तुमचं!"

"तुमच्यात काय म्हणतेत हिला?"

"कोथमीर. मागल्या आठवड्यात सांगितलं, त्याच्या मागल्या आठवड्यात बी सांगितलं."

"हाव, पण आज बदललं असंल तर?"

अप्पांच्या गच्चीवर सत्तावीस कुंड्या होत्या. नक्षत्रांएवढ्या, असे मी एकदा म्हणालो, तर ते प्रसन्न झाले. सत्तावीसही कुंड्यांत कोथिंबीरच. प्रत्येक कुंडीत तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाटी रोवलेली, आणि पाटीवर नाव व गाव. 'कोत्तंबरी, निलंगा'. 'कोत्तिमीर, देगलूर'. 'कोथमीर, औसा'. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेल्या एका सरदारजींना स्टँडवर गाठून मिळवलेले 'धनिया'. पुतण्याच्या बंगाली सुनेकडून 'धनेपाता'. परदेशी गेलेल्या नातीने फोनवर सांगितलेले 'सिलांत्रो, अमेरिका'. त्या कुंडीला अप्पा थोडे जास्त पाणी घालत; म्हणत, लांबून आलेली आहे.

मीही एक नाव दिले होते. कोशात या वनस्पतीची जुनी नावे आहेत, त्यांतले 'कुस्तुंबुरू' मी अप्पांना अर्पण केले. त्यांनी भक्तिभावाने पाटी केली: 'कुस्तुंबुरू, गुरुजी'. तेव्हापासून त्या कुंडीची ख्यालीखुशाली मला कळवली जाई. "गुरुजी, तुमचं लेकरू आज रुसून बसलंय, पानं पिवळी पडायलीत." मी उगीचच अपराधी होऊन गच्चीवर जाई.

आमच्या सौभाग्यवती सुमतीबाई कधी पोह्यांवर घालायला कोथिंबीर मागायला गेल्या, की संवाद ठरलेला.

"कुणाची देऊ, वहिनी?"

"कुणाचीही द्या हो अप्पा, पोहे गार व्हायलेत!"

"असं कसं? नाव घेऊन मागा, मग खुडा."

"बरं, निलंग्याची द्या."

"निलंग्याची कालच खुडली. बिचारीला दम खाऊ द्या. औशाची न्ह्या."

मी एकदा न राहवून विचारले, "अप्पा, यांच्या चवीत काही भेद आहे का?"

"न्हाई."

"वासात?"

"न्हाई."

"मग हा सगळा प्रपंच कशाला?"

"तुमी अन् मी, दोघांची बी हाडं अन् मासच की, गुरुजी. पण वहिनी हाक मारतेत ती तुमालाच न्हवं?"

या उत्तराने माझ्या गोंधळात भरच पडली.

आणखी एक विलक्षण नियम होता. अप्पा रोज सकाळी कुंड्यांच्या जागा बदलत. काल पुढच्या ओळीत होती ती आज मागे, मागची टाकीजवळ, टाकीजवळची कठड्यापाशी. "पंगत हाय ही. कुणालाच कायम शेवटी बसवायचं न्हाई," असे ते म्हणत. वाकून वाकून त्यांची कंबर धरे, पण पंगत फिरे. आणि माघात कोथिंबिरीला फुले येऊ लागली, की त्यांतल्या एका कुंडीवर जुन्या सुती लुगड्याचा विरविरीत तुकडा पडे. चार काड्या रोवून, डोईवरून पदर घेतल्यासारखा. मी विचारले, तर म्हणाले, "माश्या बसतेत." बाकी सव्वीस कुंड्यांवर माश्या बसल्या तर चालत होत्या. मी पुन्हा मान डोलावून घरी आलो.

अप्पांच्या पत्नी गिरिजाबाई यांना जाऊन सहा वर्षे झाली. माहेर किनवट तालुक्यातले इस्लापूर, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचे. अत्यंत मितभाषी. आमच्या मधल्या भिंतीवरून त्या सुमतीबाईंकडे वाटी द्यायच्या आणि एवढेच म्हणायच्या, "थोडं हिरवं दिलंय." चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांच्याकडून ऐकलेली वाक्ये मोजली, तर त्यांत हेच अधिक भरेल. मला त्यांचा मितभाषीपणा फार आदरणीय वाटे.

यंदाच्या माघात, फुले येण्याआधीच, अप्पांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला लेकीकडे जावे लागले. मुक्काम आठ दिवसांचा. निघण्यापूर्वी ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगा दुकानात असतो, सुनंला तिचा व्याप. पाणी तुमी घाला. अन् पाट्या तेवढ्या संभाळा. ह्यात एक कुंडी हाय, तिचं बी दुसरीकडं कुठंच न्हाई. घरचं बी, लई वर्षांचं. ते मोडलं तर पुन्हा मिळणार न्हाई."

मी म्हटले, "कोणती ती दाखवून ठेवा."

"दाखवली तर तुमी तिलाच पाणी घालताल. पंगतीत भेद नको."

आणि ते रिक्षात बसून गेले.

येथून पुढे जे घडले, त्यात दुष्ट हेतू नव्हता. पहिल्याच दिवशी पाणी घालताना माझ्या ध्यानात आले, की पाट्यांवरची अक्षरे पुसट झाली आहेत. 'पाट्या संभाळा,' असे अप्पा बजावून गेले होते. शिवाय मनात आले, हा माणूस आठ दिवसांनी नवे डोळे घेऊन येईल. त्या डोळ्यांना पहिले दर्शन ठसठशीत अक्षरांचे घडावे. शाळेतल्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहीत असे आणि माझ्या अक्षराची ख्याती उदगीरपर्यंत होती. मी सत्तावीसही पाट्या उपटल्या, सुमतीबाईंच्या परातीत भरल्या आणि घरी आणल्या.

दोन दिवस मी तल्लीन होतो. पांढरा रंग, त्यावर तांबडी अक्षरे. एकेक वेलांटी देवाला गंध लावावे तशी लावली. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या पाट्या परातीत घेऊन, मनाशी प्रसन्न होत, गच्चीवर गेलो. दारातच थबकलो. समोर सत्तावीस कुंड्या होत्या. सत्तावीसही सारख्या होत्या.

मी टाकीला टेकून खाली बसलो.

प्रथम आठवून पाहिले. पण जागा रोज बदलणाऱ्या पंगतीत आठवणार काय? मग विचार केला, अप्पा काहीही म्हणोत, मातीमातीत थोडा भेद असलाच पाहिजे. मी प्रत्येक कुंडीतले एकेक पान खुडून, डोळे मिटून, चावून पाहू लागलो. नऊ पानांपर्यंत काही सूक्ष्म अंतर जाणवल्यासारखे झाले. बाराव्या पानाला जीभ बधिर झाली. एकोणिसाव्या पानावर सुमतीबाई वर आल्या.

"अहो! हे काय शेळीसारखं चरताय?"

मी वृत्तांत सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सरळ अप्पांना फोन लावा."

"डोळ्याला पट्टी आहे त्यांच्या. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितले असेल."

"मग पट्टी सुटेपर्यंत तुम्ही पाला खात बसणार का?"

तीन दिवस मी कुंड्यांकडे पाहत राहिलो. निलंग्याची कोणती, देगलूरची कोणती. इतकेच काय, माझी स्वतःची कुस्तुंबुरू कोणती, तेही मला ओळखता येईना. जिच्या खुशालीसाठी मी इतके वेळा गच्ची चढलो होतो, ती समोर असून अनोळखी. आणि त्यांतच कुठेतरी ते एक बी होते, जे दुसरीकडे कुठेच नव्हते.

अखेर जे आयुष्यभर करत आलो तेच केले. पाट्या वर्णक्रमाने लावून टाकल्या.

अप्पा आले ते काळा चष्मा लावून. पाणीसुद्धा न घेता गच्चीवर गेले. मी मागोमाग. चष्मा थोडा वर करून त्यांनी पहिली ओळ न्याहाळली, मग दुसरी, आणि मोठ्याने हसले.

"गुरुजी, ही काय शाळेची हजेरी लावलीव का? क पासून सगळे वळीनं! अन् पहिल्या पाटावर कुस्तुंबुरू? पहिला नंबर तुमचाच का?"

अप्पा ओळीच्या शेवटाकडे गेले. शेवटी अमेरिकेची 'सिलांत्रो'. तिच्या अलीकडे एक पाटी, 'सांबार, इस्लापूर'. अप्पा खाली बसले. पाटीवरून बोट फिरवत म्हणाले, "अक्षर लई झकास काढलंव, गुरुजी. लांबून वाचता आलं. पण बघा, वळीनं लावायच्या नादात ही पुन्हा शेवटीच बसली की. जन्मभर सगळ्यांची ताटं उचलूनच जेवली ती."

पाटी मीच रंगवली होती, पण ती कोण, हे मला त्या क्षणी कळले. आणि हेही कळले, की मी गप्प राहिलो तर अप्पांना कधीच काही कळणार नाही. ते त्या कुंडीला पदर घालतील, माश्यांना दूर ठेवून तिचे बी निर्भेळ धरतील आणि समाधानाने जगतील. सुमतीबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी काहीही खुणावले नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "पाटी तीच आहे. कुंडी तीच आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. रंगवायला म्हणून मी सगळ्या पाट्या एकदम उपटल्या."

अप्पांचे बोट पाटीवरच थांबले. खाली गल्लीतून दालमिलकडे निघालेला टेम्पो गेला. मग ते कुंडीकडे पाहतच बोलू लागले.

"लगीन होऊन आली, त्या वर्षी श्रावणात आपल्याकडं जेवणं होती, गुरुजी. तुमी पंगतीला होताव. ती वाढायला होती. म्हणाली, 'वरनावर सांबार टाकू का?' तिकडं किनवटाकडं ह्यालाच सांबार म्हणतेत. इथं लोकाला हाटेलातलं ठाऊक. सगळी पंगत हसली. मी बी हसलो. मग तुमी तिला चांगल्या शब्दात समजावून सांगितलंव, 'सूनबाई, कोथिंबीर म्हणावं. मूळ शब्द कुस्तुंबुरू.' तुमी म्हणजे शिकलेला माणूस. म्हटलं, गुरुजी म्हणतेत तेच बरोबर असंल."

मला तो प्रसंग आठवला नाही. आजही आठवत नाही.

"त्या दिवसापासून तिनं सांबार म्हटलं न्हाई. कोथिंबीर बी म्हटलं न्हाई. हिरवं म्हणायची. थोडं हिरवं आणा, थोडं हिरवं द्या."

भिंतीवरून येणारी वाटी मला आठवली. ज्याला मी चाळीस वर्षे मितभाषीपणा समजून मनोमन नमस्कार करत आलो, ते काय होते, ते आता समोर उभे राहिले.

"शेवटी अंथरुणाला खिळली, तवा एक पुरचुंडी काढून दिली मला. म्हणाली, 'हे सांबाराचं बी आहे. माहेरचं. दरसाल न्हाणीमागं पेरून धरत राहिले.' मी धन्याचा व्यापारी, गुरुजी! वासावरून गाव सांगतो म्हणून मिरवणारा. माझ्या न्हाणीमागं काय उगवतंय, ते मला ठाऊक न्हवतं. तवा म्हटलं, चला, लोकाला इचारून तर बघू. कुणाकुणाच्या आईनं काय काय नाव ठेवलंय. एकट्या हिचंच येगळं हाय का, ते तर बघू."

मी त्यांच्याशेजारी बसलो. क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवू लागलो. इतक्यात अप्पांनीच विचारले, "गुरुजी, एक सांगा. कुंडी कुठली वाळली, फुटली, कुणी नेली असं तर न्हाई?"

"नाही. सत्तावीसच्या सत्तावीस आहेत."

"म्हणजे ती ह्यातच हाय."

"आहे. ह्यातच आहे."

"बास मग." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता एका बी काडीला हात लावायचा न्हाई. सगळ्याच कुंड्या बियावर येऊ द्यायच्या. सगळ्याचं बी धरायचं, अन् सगळंच पेरायचं. कुठं जाती ती?"

त्या दिवसापासून अप्पांच्या दारी काडी बंद झाली. टपालवाल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले. शिवरात्रीपर्यंत गच्ची पांढऱ्या फुलांनी भरून गेली. यंदा कोणत्याच कुंडीवर पदर नव्हता आणि माश्या सगळीकडे सारख्याच बसत होत्या. मी रोज जाऊन पाणी घालत असे. अप्पांनी मला कधी नको म्हटले नाही, फक्त एकदा म्हणाले, "पाट्या राहू द्या आता तुमच्याकडंच. परातीसकट."

बी वाळल्यावर ते सगळे एका सुपात एकत्र झाले. दिवाळीनंतर पेरणीची वेळ आली. धने पेरण्यापूर्वी रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या लागतात. मला हे या वयात कळले. मी चपलेने रगडायला निघालो, कारण मावशीला तसे करताना पाहिले होते. अप्पांनी माझा हात धरला. "पायतान नको. ती तळहातानं रगडायची, न्हाणीच्या दगडावर." मग आम्ही दोघे म्हातारे दोन दिवस तळहात लाल होईपर्यंत धने रगडत बसलो. सुमतीबाईंनी तेल लावून दिले, बोलही लावला.

परवा सोमवारी पूजा आटोपून मी अप्पांकडे गेलो. दार उघडले. अप्पांच्या हातात काडी होती. नव्या पिकाची, कोवळी, मुळाशी माती असलेली. त्यांनी सवयीने ती पुढे केली. पण उलटतपासणीचा स्वर नव्हता, विचारू की नको अशा बेताने, खालच्या आवाजात ते म्हणाले, "ह्याला तुमच्यात काय म्हणतेत, गुरुजी?"

मी काडी दोन्ही हातांनी घेतली.

"सांबार," मी म्हणालो.

अप्पा मान वळवून, जेथून आता कोणी उत्तर देत नाही त्या स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले,

"अगं, ऐकलंस का? गुरुजी काय म्हणतेत ते!"